वच्छलाबाईची टाच

"वाचून दाखव वं काजल," माय म्हणाली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"वाचायचं काय त्यात?" सुमंत साहेब म्हणाले. ते रस्ते तपासणाऱ्या लॅबचे मोठे इंजिनिअर. बोलणं कायम मऊ, दुधावरच्या सायीसारखं. "साधा जबाब आहे, वच्छलाबाई. खाली सही करा, झालं."

मी वाचलं. मुद्दाम मोठ्याने, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं. 'मी वच्छला, मदतनीस. मनीषनगरच्या पुढील वळणावर रस्त्याची पकड मोजताना रस्त्यावर पाणी टाकणे हे माझे काम होते. घाईत माझ्याकडून पाणी टाकण्याचे राहून गेले. त्यामुळे आकडा जास्त आला.'

कोपऱ्यात मोजणीचं मशीन चालवणारा रविंद्रभाऊ त्याची पेटी पुसत होता. पुसून झालेली पेटी तो परत पुसायला लागला.

"माय, तू पाणी टाकलं नव्हतं?"

"टाकलं ना. पाचही खेपेले टाकलं."

"मग हे काय लिहून ठेवलं ह्या..." शिवी ओठावर आली होती. मायने माझं मनगट दाबलं.

मायचं काम सांगितलं की लोक हसतात. एकोणीस वर्षं ती रस्त्यावर पाणी टाकते. झाडांसाठी नाही, धूळ बसावी म्हणूनही नाही. एक तीन पायांचं मशीन असतं, त्याला लोंबता दांडा, आणि दांड्याच्या टोकाला टायरसारख्या रबराची पट्टी. दांडा वर अडकवायचा अन् सोडायचा. रबर रस्त्याला घासून पलीकडे जातं आणि काटा आकडा दाखवतो. आकडा मोठा तर रस्ता टायरला धरून ठेवतो. छोटा तर सोडून देतो. कोरडा रस्ता कसाही असला तरी आकडा मोठाच दाखवतो, म्हणून दरवेळी आधी पाणी. माय कॅन वाकडी करते, रविंद्रभाऊ दांडा सोडतो. असं पाच वेळा. शेवटी कागदावर इंजिनिअरची सही, रविंद्रभाऊची सही आणि सगळ्यात खाली, 'मदतनीस'समोर, मायची. ती सही आणि थोडंफार लिहिणं ती ह्याच नोकरीत शिकली. 'च्छ' काढताना अजून जीभ बाहेर येते तिची.

पण खरी गंमत मायच्या टाचेची. ती भिवापूरची. लहानपणी उन्हात वाळणाऱ्या मिरच्या पायाने उलटवत फिरायची. कुठली वाळली, कुठली नाही, हे तिला तळव्याला कळायचं. रस्त्यावर पाणी टाकलं की ती चप्पल काढायची, ओल्यावर टाच ओढायची आणि आकडा सांगायची. दांडा सोडायच्या आधी.

"बोल वं ताई, किती?" रविंद्रभाऊ गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा सरकवत विचारायचा.

"बावन्न."

"चाल बे! पंचावन्नच्या खाली येतच नाही हा. लाव चहाची शर्त."

काटा एक्कावन्न, बावन्नवर थांबायचा. एकोणीस वर्षांत रविंद्रभाऊने मायला किती चहा पाजले असतील, त्याचं त्यालाच माहीत. नवीन पोरं लॅबमध्ये आली की तो मायकडे बोट दाखवून सांगायचा, "मशीन बिघडलं तं घाबराचं नाही. आपल्याजवळ वच्छलाबाईची टाच आहे."

मार्च महिन्यात त्या वळणाची मोजणी होती. माय डबा घरीच विसरली होती म्हणून मी सायकलने तो द्यायला गेले. वळण मस्त, रुंद. पण मुरमाचे टिप्पर जाऊन जाऊन चाकं जातात तेवढा पट्टा घासून मांजलेल्या ताटासारखा चमकत होता. दुभाजकाजवळची हातभर जागा मात्र खरबरीत होती, कारण तिथे चाक कधी जातच नाही.

रविंद्रभाऊने मशीन चमकत्या पट्ट्यावर लावलं. मायने पाणी टाकलं, टाच ओढली. परत ओढली.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. "वळणावर पासष्ट पाहिजे ना गा?"

रविंद्रभाऊने दांडा सोडला. एक्केचाळीस. त्या दिवशी चहाची शर्त कोणी काढली नाही.

सुमंत साहेब गाडीतून उतरले. काटा बघितला, दुभाजक बघितला. "रविंद्र, मशीन जरा तिकडे घ्या. कडेला. इथे वाहतुकीला अडथळा होतो."

"साहेब, चाक तं इथून जाते," माय म्हणाली.

"वच्छलाबाई, तुम्ही पाणी टाका."

मायने पाणी टाकलं. कडेला. पाचही वेळा, अगदी नियमाने, जागा नीट भिजेपर्यंत. अडुसष्ट आला. आकड्यात तसूभर लबाडी नव्हती. कागदावर 'वळण: ६८' लिहिलं गेलं. तिघांनी सह्या केल्या. मायचा 'च्छ' त्या दिवशी पटकन निघाला.

"तू काहून काही बोलली नाही?" मी रस्त्यात विचारलं.

"बोलली ना."

"एकदा बोलली."

"मोठं माणूस आहे. त्याले समजत असंन."

ह्या गोष्टीला सहा आठवडेही झाले नव्हते. त्या वळणावर दुभाजकातल्या झाडांना सकाळी सातला टँकर पाणी घालतो. अर्धं पाणी झाडांना, अर्धं रस्त्याला. आमच्या गल्लीत दूध घालणारे मनोहरराव त्याच वेळेला तिथून यायचे, मोटरसायकलला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून. घसरले. गाडी दुभाजकावर गेली आणि मागून येणारी गाडी त्यांच्या पायावरून. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. माय बघायला गेली तेव्हा त्यांची बायको प्रयागबाई मायचा हात धरून म्हणाली, "एवढी वर्षं गाडी चालवून राहिले वं, कधी पडले नाही. नशीब बघ." माय पाणी न पिता उठून आली.

चौकशी बसली. बाहेरून आलेल्या लोकांनी चमकत्या पट्ट्यावर मशीन लावलं. एक्केचाळीस. मग तुमच्या कागदावर अडुसष्ट कसे? आणि लॅबला उत्तर सापडलं. रस्ता कोरडा होता. पाणी टाकणाऱ्या बाईने पाणीच टाकलं नाही.

म्हणून आम्ही त्या खोलीत होतो.

"हे बघा," सुमंत साहेब पुढे झुकले, "तुमच्यावर कोणी केस करणार नाही. चूक माणसाकडून होते. सावनेरला नवीन काम सुरू होतंय, तिथे मी तुम्हाला घेतो. पण सही नसेल, तर मग माझ्या हातात काही राहत नाही."

"अन् मनोहररावचा पाय मायने तोडला, असं लिहून द्याचं?" मी म्हटलं.

"मुलीला बाहेर बसवा."

"तुम्हीच बसा ना बाहेर. बसा त्या वळणावर जाऊन."

"काजल!" माय ओरडली. मग रविंद्रभाऊकडे वळली. "सांग ना गा भाऊ. पाणी होतं का नव्हतं?"

रविंद्रभाऊने फडकं घडी घातलं. उघडलं. "ताई, माह्या पोरीची बारावी आहे," एवढंच तो म्हणाला.

मायने पेन घेतला. वाटलं, आता करते सही. तिने छापलेल्या मजकुराच्या खाली, मोकळ्या जागेत लिहायला सुरुवात केली. जीभ बाहेर. एक एक अक्षर. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. लिहून झाल्यावर तिने कागद माझ्याकडे दिला.

'पानी टाकलं. जागा चुकीची होती. मले मायीत होतं तरी मी सई केली. वच्छला.'

"हे कशाला लिहिलं?" मी तिच्या कानात म्हटलं. "तुह्यावरच येते ना हे!"

"माह्यावर जेवढं आहे तेवढं लिहिलं. जास्त नाही लिहिलं."

सुमंत साहेबांनी कागद वाचला, उलटा केला, ड्रॉवरमध्ये टाकला. ड्रॉवरमधूनच दुसरा कोरा कागद काढला आणि टेबलाच्या त्या टोकाला ठेवला जिथे रविंद्रभाऊ उभा होता. "तुम्ही साक्षीदार म्हणून लिहा, रविंद्र. पाणी टाकलं नव्हतं." मायकडे न बघता म्हणाले, "कॅन जमा करून जा."

मायने पिवळी कॅन पदराने पुसली, झाकण फिरवून घट्ट केलं आणि पेटीजवळ ठेवली. रविंद्रभाऊ वाकून लिहीत होता. त्याच्या हाताजवळून जाताना ती थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर माय घरात नव्हती. मी सायकल काढली. कुठे असेल ते मला बरोबर माहीत होतं.

टँकर नुकताच पुढे गेला होता. वळण ओलं, चकचकीत. चपला दुभाजकाला टेकवून ठेवल्या होत्या आणि माय अनवाणी, रस्त्याच्या कडेला, दोन्ही हात खाली-वर करत उभी होती. "हळू गा भाऊ. हळू."

"घरी चाल माय. लोक हसून राहिले."

"तू बाजूले हो."

एक पोरगा गाडीवर आला, कानात इअरफोनचे बोळे. वेग तसाच ठेवून ओरडला, "काय वं मावशी, येड लागलं का?"

"एक्केचाळीस आहे इथं!" माय म्हणाली.

त्याला काय कळणार. तो हसला, वळला. मागचं चाक जरासं सरकलं, मग सरळ झालं. मायच्या पायाची बोटं ओल्या रस्त्यावर आवळली गेली होती. ती सुटायला वेळ लागला.

मागून दुसरी गाडी येत होती. मायने हात वर केले.