निळ्या टाकीत पडला चुना

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची पट्टी. जुनी म्हणजे उरलेली. अमरावतीत रामरावांच्या मुलामा देण्याच्या कारखान्यात आले तेव्हा पाटाएवढी रुंद होते. आता लाटण्याएवढी आहे.

माझं काम सोपं. मोरचूद, पाणी आणि तेजाब घातलेल्या निळ्या टाकीत लटकायचं. वीज सुरू झाली की माझं तांबं हळूहळू विरघळतं आणि समोर टांगलेल्या भांड्यावर जाऊन बसतं. लोक भांड्याचं कौतुक करतात. माझ्याकडे कुणी बघत नाही. सवय झाली.

एकदा रिद्धपूरजवळच्या गावातून शालिकराम आले. संत्र्याची बाग असलेला भला माणूस. हातात गावच्या मारुतीचा पितळी कळस. तो चेपला होता आणि डाग दिल्याच्या खुणा दिसत होत्या.

"याच्यावर तांबं चढवून द्या, भाऊ. उद्या सकाळचा मुहूर्त काढला कमलाकांत गुरुजीनं," ते म्हणाले. मग हळूच, "पाडला मीच. उद्या नाही चढला त गावात तोंड दाखवाले जागा नाही."

"चार घंट्यात देतो," रामराव म्हणाले. पण वीज नव्हती. ती येईपर्यंत ते चहा सांगायला गेले, आणि टाकीपाशी शालिकराम एकटे राहिले.

बागेवर फवारायला तेही मोरचूद भिजवतात. त्यात चुना घालतात, आणि चुना पुरला का ते बघायला चाकू बुडवतात. चाकूवर तांबडा थर आला, तर चुना कमी.

शालिकरामांनी खिशातला चाकू टाकीत बुडवला. तांबडालाल निघाला.

"चुना कमी पडला भाऊले," ते हळहळले.

बागेसाठी घेतलेला चुना पिशवीत होताच. त्यांनी दोन ओंजळी टाकल्या. चाकू पुन्हा लाल. आणखी चार टाकल्या. टाकी गरम झाली, पाणी नासक्या दुधासारखं फुटलं, आणि माझ्या अंगावर चिखल बसला. मला समोरचं काही दिसेना.

रामराव चहा घेऊन आले ते दारातच थांबले. "हे काय केलं तुमी?"

"चाकूवर तांबं बसून राहिलं होतं. आता नाही बसत. पाहा."

"ते बसवाचाच त माहा धंदा आहे."

शालिकरामांनी चाकू मिटला. "म्हंजे कळस गेला?"

रामरावांनी बरणी उचलली. जरा जरा तेजाब ओतत गेले. चिखल विरघळला, पाणी निळं झालं, पांढरा गाळ मात्र तरंगत राहिला.

"गाळाले कपडा पाहिजे."

शालिकरामांच्या खांद्यावर उद्यासाठी घेतलेलं नवं उपरणं होतं. गुपचूप काढून दिलं. टाकी गाळली, मी परत लटकले, समोर कळस टांगला, आणि वीज आली. मित्रांनो, माझं अंग झिजायला लागलं तेव्हा किती हायसं वाटलं म्हणून सांगू. संध्याकाळी कळस गुलाबी होऊन निघाला. शालिकरामांनी उपरणं पिळून खांद्यावर टाकलं आणि कळस पोटाशी धरून गाव गाठलं.

दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन आले. खांद्यावर तेच उपरणं, पण त्याची पार चाळणी झालेली.

"कळस चढला भाऊ. पण लोक कळसापेक्षा मलेच पाहून राहिले होते. हे काहून झालं?"

"तेजाबानं खाल्ला कपडा. पाण्यानं धुतला नाही काय?"

"तुमी सांगतलं नाही."

"तुमी इचारलं नाही."

दोघंही हसले. मग शालिकरामांनी एक पेढा टाकीपाशी आणला, माझ्याकडे पाहिलं आणि थांबले.

"भाऊ, हिले पेढा चालते काय?"

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. असं आधी विचारत जा.