टोपीखालचा म्हैसूरपाक

प्रणिताने आपला दोन मिनिटांचा विनोदी सिनेमा मोबाइलवर तिसऱ्यांदा दाखवला आणि घरात तिसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

"शोकसभेत लाव, शोभेल," चुलतभाऊ सुरज म्हणाला.

रविवारी बेंगळुरूतल्या चामराजपेटच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये, संक्रांतीच्या कार्यक्रमात, हाच सिनेमा लागणार होता. गप्प बसलेली दोनशे माणसं तिला आत्ताच दिसू लागली. ती तडक शेजारच्या म्हाताऱ्या सुब्बाराव अज्जांकडे गेली. अज्जांनी तीस वर्षं टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवला होता.

त्यांनी सिनेमा पाहिला. मधुमेही आप्पाजी, म्हणजे प्रणिताचे आजोबा, आजी अंबूबाईंच्या धाकानं देवापुढे वाकतात, टोपी घसरते आणि म्हैसूरपाक खाली पडतो. संपलं.

"त्यांनी तो टोपीत लपवला कधी?"

"ते दाखवलं नाही, अज्जा. गंमत आधीच फुटली असती ना!"

"फुटू दे की स्वल्प! आपल्याला ठाऊक आणि अंबूबाईंना नाही, हसू तिथंच पिकतं. मी बूथच्या भोकातून पडदा कमी, माणसं जास्त बघायचो. खुर्ची मोडून कोणी पडला तर लोक दचकायचे. पण खुर्चीचा मोडका पाय आधी दिसला, की तो बसायच्या आतच अख्खं थिएटर हसायचं. आणि तुझे आप्पाजी स्वतःच हसतायत. त्यांनी हसायचं नाही. त्यांच्या दृष्टीनं हा जिवाचा प्रश्न आहे!"

शनिवारी पुन्हा शूटिंग झालं. आप्पाजींना सराव इतका आवडला, की अंबूबाईंनी शेवटी म्हैसूरपाकाचा डबाच काढून घेतला. "पुरे तुमची रिहर्सल!"

रविवारी हॉलमधले दिवे मालवले. प्रणिता पडद्याशेजारी लोकांकडे तोंड करून उभी राहिली. म्हैसूरपाक टोपीत गेला, तशी थोडी खसखस पिकली. मग अंबूबाईंचा आवाज आला, "देवापुढं नीट वाका!" आप्पाजींनी मान ताठ ठेवून नुसते गुडघे वाकवले. पुढची रांग हसली. "आणखी!" आप्पाजी आणखी खाली गेले, मान तशीच. आता मागच्या रांगाही हसत सुटल्या. सुरज डोळे पुसत होता.

म्हैसूरपाक पडल्याचा आवाज कोणालाच ऐकू आला नाही.

प्रणिताने अज्जांना शोधलं. पहिल्या रांगेत, पडद्याकडे पाठ करून, ते माणसं बघत बसले होते.