चार नंबरची डिश

हृदयाच्या पेशी जिवंत असल्या की काचेच्या डिशमध्येही धडधडतात. उंदराच्या पिल्लांच्या हृदयातून काढलेल्या त्या पेशी आम्हाला नागपूरहून मिळतात. फ्लास्क थर्माकोलच्या डब्यात, डबा माझ्या मांडीवर, आणि यवतमाळपर्यंत एसटी. कळंबला बस थांबली की कुणीतरी विचारतंच, "मासे हायेत का वं त्यात?"

डिशमध्ये आम्ही एक रंग सोडतो. पेशीत शिरताना तो बिनरंगी असतो. प्राणवायूपासून तयार होणारे काही बिथरलेले कण पेशीच्या आत फार वाढले, की लोखंड गंजावं तशी पेशी आतून खराब होऊ लागते. त्या कणांची गाठ पडली की रंग निळ्या प्रकाशात हिरवा उजळतो. जितका ताण, तितका उजेड. दर पाच मिनिटांनी मी फोटो घेते आणि उजेड आकड्यांत मोजते.

आमचा प्रश्न साधा होता. कपाशीवर फवारणी करणाऱ्यांच्या रक्तातलं सीरम या पेशींवर टाकलं तर काय होतं? सहाजण फवारणी करणारे, सहाजण कधीच न करणारे. प्रत्येकाचं रक्त आठवड्याच्या अंतरानं दोनदा घेतलं होतं. फवारणाऱ्यांच्या नळ्यांना हिरवी टोपणं, इतरांच्या नळ्यांना पांढरी. नळीवर नाव नाही, फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा, हे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख पद्मजा मॅडमच्या कपाटातल्या सीलबंद पाकिटात.

डिसेंबरातल्या त्या सोमवारी पांढऱ्या टोपणाची चार नंबरची नळी मी डिशमध्ये ओतली. विसाव्या मिनिटाला पडदा हिरवा झाला. एकाही फवारणाऱ्याची डिश इतकी उजळली नव्हती.

"पिपेट चुकलं असेल तुझं," मॅडम म्हणाल्या. "किंवा रंग दोनदा टाकलास."

"नाही टाकला, मॅडम."

"मग पुन्हा कर. एकदा दिसलं त्याला मी दिसलं म्हणत नाही."

मंगळवारी पुन्हा केलं. या वेळी चार नंबरची दुसरी, म्हणजे आठवड्यानंतरची नळी घेतली. पंधराव्या मिनिटालाच हिरवं. शिवाय पेशींची लय बिघडली. आधी सगळ्या एका ठेक्यात आकसत होत्या. आता दोन ठोके, मग थांबणं, मग घाईघाईनं तीन. मी घड्याळ लावून बसले होते. पस्तिसाव्या मिनिटाला त्या थांबल्या आणि पुन्हा सुरू झाल्या नाहीत.

मागून आवाज आला. "काय वं ताई, काजवे पाळले काय?"

कांताबाई पोछा घेऊन उभी होती. आमच्या मजल्याची साफसफाई ती बघते. पन्नाशीची, बोलायला तिखट.

"हृदयाच्या पेशी आहेत, कांताबाई. उंदराच्या."

"उंदरालेबी हृदय रायते? आमच्या सुपरवायझरले दाखव एखांदा उंदीर." ती हसली आणि हसता हसता टेबलाला धरून उभी राहिली.

"काय झालं?"

"काई नाई. आठ-दहा दिस झाले, सकाळी उठलं का मळमळते. डोकं जड रायते. मी दारापाशी खाटेवर झोपतो, तरी मले असं होते. अन् आमचा बुढा तुरीच्या पोत्यायवर झोपते राजावानी. म्हणते, गादीपेक्षा गरम लागते. त्याले काईच नाई."

तिच्या हाताला वास येत होता. "लसूण सोललात का?"

"नाई वं माय. घरातच येऊन राह्यला तो वास, कुठून येते काय मालूम."

ती पोछा मारून गेली. तेव्हा मला काहीच सुचलं नाही. माझं लक्ष पडद्यावर होतं.

बुधवारी मी मॅडमकडे पाकीट मागितलं.

"वेडी आहेस का, प्राची? अजून पाच डिश मोजायच्या आहेत. आज नाव कळलं तर उद्या तुझा हात त्या नावाच्या बाजूनं आकडे लिहील. दोन वर्षांचं काम मातीत."

"पण मॅडम, हा माणूस आपल्या यादीत निरोगी आहे. त्याच्या रक्तात पेशी मारणारं काहीतरी आहे आणि आठवड्यात ते वाढलंय. त्याला हे माहीत नसणार."

"पुढच्या आठवड्यात उघडू," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजाला पहिल्यासारखी धार नव्हती.

पाकीट बंद असलं तरी संमतीचे फॉर्म माझ्याच कपाटात होते. त्यांवर नावं होती, नंबर नव्हते. गुरुवारी सकाळी न फवारणाऱ्यांचे सहा फॉर्म मी टेबलावर मांडले. महाविद्यालयाचे दोन कारकून, ग्रंथपाल, कॅन्टीनची रुपाली, कांताबाई. सहावा माणूस मिळत नव्हता म्हणून कांताबाईच आपल्या नवऱ्याला, उकंडाला, धरून घेऊन आली होती. तो एका शाळेवर चौकीदार आहे.

कांताबाईच्या फॉर्मवर माझ्या अक्षरात लिहिलं होतं: 'सध्या चालू गोळ्या – जंताच्या.'

मी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. जंत हा शब्द तिचा नव्हता. मी विचारलं होतं, "काही गोळ्या चालू आहेत का?" ती म्हणाली होती, "हो, चालू हायेत ना." "कशाच्या?" तर म्हणाली, "किडीच्या." पोटातल्या किड्यांच्या, असं धरून मी चांगल्या मराठीत 'जंताच्या' लिहिलं. आमच्या घरी तीन पिढ्या कचेरीतल्या. धान्य वर्षाचं न येता महिन्याचं येतं, तेही पिशवीतून. कीड म्हटल्यावर मला पोट आठवलं. पोतं आठवलं नाही.

लसणासारखा वास. तुरीची पोती. थंडीनं बंद ठेवलेलं दार.

धान्यात ठेवायच्या त्या गोळ्यांतून वायू निघतो. तो आधी हृदयावर जातो, आणि पेशीत नेमके तेच बिथरलेले कण वाढवतो जे मी तीन दिवस मोजत होते.

"कांताबाई कुठे आहे?" मी बाहेर येऊन विचारलं.

"आज नाही आली," शिपाई हिरासिंग म्हणाला. "तब्येत खराब हाय म्हणे."

मी तिचा नंबर लावला. फोन उकंडानं उचलला.

"काका, प्राची बोलतेय, लॅबमधून. कांताबाई कुठे आहे?"

"झोपून हाय वं. सकायपासून दोन डाव उलटी झाली तिले. मी आत्ताच उठून उन्हात बसलो. काहून?"

"तुरीत गोळ्या टाकल्यात का तुम्ही?"

"टाकल्या ना. कीड काई मरून नाई राह्यली, म्हणून परवा अजून टाकल्या. फडक्यात बांधून, पोत्यायच्या मधात. तुमाले पाह्यजे काय?"

"काका, आधी दार उघडा आणि तिला बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता. श्वास रोखून जा. पोत्यांना, गोळ्यांना हात लावू नका, पाणी टाकू नका."

"अवं ताई, ते त किडीले मारते. माणसाले काय व्हते त्यानं? मी त त्यायच्यावरच झोपतो."

"काका, जा ना!" मी ओरडले.

फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. दार करकरलं. मग बराच वेळ फक्त कुठलीतरी कोंबडी. शेवटी खोकला, आणि शेजारच्या बाईची हाक, "अवं कांते, डोये उघड वं!"

अर्ध्या तासात ती दवाखान्यात होती. मॅडमना फोनवर सगळं सांगून मी आणि हिरासिंग त्याच्या गाडीवरून पोचलो तेव्हा तिच्या नाकाला प्राणवायूची नळी होती. यावर उतारा असं औषध नसतं, डॉक्टर म्हणाले. हृदयाला आधार द्यायचा आणि वाट पाहायची. मॉनिटरवरच्या रेषेकडे मी बघत राहिले. रेषा नीट चालली होती. ठोका, अंतर, ठोका, अंतर. दोन तासांनी कांताबाईनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "पोछा कोनं मारला आज?"

मला रडू आलं. वाटलं, वाचली.

उकंडा बाहेर बाकावर बसला होता. आत कोणी त्याला बोलावलं नव्हतं, आणि त्यानंही कोणाला काही सांगितलं नव्हतं. मला पाहून तो हसला. "पाहा ताई, मी म्हणत होतो ना. बायाच नाजूक रायते. मले काईच नाई झालं."

तेवढ्यात पद्मजा मॅडम जिन्यावरून वर आल्या. धाप लागली होती. हातात पाकीट होतं, फाडलेलं.

"डॉक्टरांना तिचे आकडे सांगावेत म्हणून उघडलं," त्या म्हणाल्या. "प्राची, कांताबाई नऊ नंबर आहे."

नऊची डिश मला आठवत होती. थोडीशी उजळली होती, मी सोडून दिलं होतं.

"मग चार?"

मॅडम माझ्या खांद्यावरून बाकाकडे बघत होत्या.

मी उकंडाजवळ जाऊन बसले आणि त्याचं मनगट हातात घेतलं. त्याचा फॉर्म मला आता अक्षरन् अक्षर आठवत होता. गोळ्यांच्या ओळीत मी घाईनं लिहिलं होतं: 'पत्नीप्रमाणे'. त्याच्या हाताला लसणाचा वास होता. कपाळावर घाम होता, डिसेंबरात.

"काय वं ताई," तो म्हणाला, "जित्ता हाय ना मी?"

माझ्या बोटांखाली दोन ठोके आले. मग थांबणं. मग घाईघाईनं तीन.

"डॉक्टर!" मी ओरडले, आणि मनगट न सोडता घड्याळाकडे पाहिलं.