आखूड पंखा

माझ्या सासऱ्यांनी खेळण्यातल्या विमानाचं एक चिमुकलं जुनं इंजिन जिवापाड जपलं होतं. बाबा गेल्यावर ते माझ्या नवऱ्याच्या, संजीवच्या, हाती आलं. त्याचे कळमेश्वरचे मित्र गुलाबचंद यांच्याकडेही तसंच एक आहे. गुरुवारी दोघांनी प्रताप नगरातल्या आमच्या गच्चीवर पैज लावली. ज्याचं इंजिन जोरात फिरेल, त्यानं दोन्ही ठेवायची.

पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. फुलं तोडायला वर गेले, तर ही दोन पोक्त माणसं फळीवर इंजिनं आवळून मोबाइलवर मिनिटाचे फेरे मोजत होती. गुलाबचंदांचं बारा हजार, आमचं नऊ.

"पाहा वहिनी, कसं हवेशी बोलून राहिलं," गुलाबचंद म्हणाले. "तुझं तं म्हातारं झालं गा, संजीव."

संजीव मान डोलावून बाबांचं इंजिन त्यांना द्यायला सोडवू लागला. इंजिनिअर आहे म्हणे. त्यांच्या इंजिनाचा पंखा आमच्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड होता; आखूड पंखा हलका, तो भरभर फिरणारच, आणि त्याचं ह्याला कौतुक.

मौन तोंडाचं होतं, हातांचं नव्हतं. मी पाना घेतला, पंख्यांची अदलाबदल केली आणि फिरवा अशी खूण केली. आता आमचं तेरा हजारांवर गेलं, त्यांचं आठावर रखडलं.

"असं काही ठरलं नव्हतं," गुलाबचंद पुटपुटले.

"जाऊ दे, बरोबरी धरू," संजीव त्यांनाच समजावू लागला.

मी बाबांचं इंजिन पदरात गुंडाळून खाली आणलं. त्याच्या तेलानं सोवळं बिघडलं, पुन्हा आंघोळ करावी लागली. पण असल्या नवऱ्याच्या हाती ते परत दिलं नाही.