ड्रम थांबेपर्यंत

अमडापूरहून खामगावकडे जाताना रस्त्याला लागूनच कय्यूम मिस्त्रींचं पत्र्याचं शेड आहे. ट्रॅक्टरवर चालणारी मळणी यंत्रं तिथे बनतात. या भागातले लोक त्यांना हडंबा म्हणतात. कय्यूमभाईंची मुलगी फिजा खामगावातून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आली आणि पुण्याला नोकरी शोधायचं सोडून शेडमध्येच रमली. बापाला आधी ते रुचलं नव्हतं. पण पहिल्याच हंगामात तिने एक काम असं केलं, की त्यांनी तो विषय बंद केला.

हडंब्याच्या पोटात लोखंडी दात्यांचा जड ड्रम फिरतो. सोयाबीन ओलसर असलं की काड त्याला गुंडाळतं आणि मशीन चोंदतं. मग बाजूचं ढाकण उघडून ते काड ओढून काढावं लागतं. पूर्वी हे ढाकण बोल्टांनी आवळलेलं असायचं. दर वेळी पाना शोधा, बोल्ट खोला, परत आवळा, एवढा उपद्व्याप कोण करणार? लोक बोल्ट फेकून द्यायचे आणि ढाकण तारेनं बांधायचे. कित्येक जण तेवढंही करायचे नाहीत. उघडा ड्रम गरगर फिरत राहायचा आणि त्याच्या शेजारी बाया काम करायच्या.

फिजाने बोल्ट काढले आणि पत्र्याच्या पेटीला असते तशी, दाबली की घट्ट बसणारी कडी लावली. आत स्प्रिंग घातली, म्हणजे मशीनच्या हादऱ्याने ती सुटायची नाही. अंगठ्याने उचकटलं की ढाकण उघडं, तळव्याने दाबलं की बंद. लावायला सोपं असलं की माणूस लावतो, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खरं ठरलं. लोक ढाकण लावायला लागले. शेजारच्या गावांतून जुन्या मशीनवाले फक्त ती कडी बसवून घ्यायला आले. कय्यूमभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "पोरीनं केली आहे."

पुढच्या वर्षी सोयाबीनच्या दिवसांत जानेफळहून फोन आला. शालिग्रामचा हात ड्रममध्ये गेला होता.

शालिग्राम कय्यूमभाईंचं जुनं गिऱ्हाईक. स्वतःचा ट्रॅक्टर आणि कय्यूमभाईंकडूनच घेतलेला हडंबा घेऊन तो हंगामात गावोगाव फिरायचा. नवी कडी सगळ्यात आधी त्याच्याच मशीनला बसली होती. उजव्या हाताची दोन बोटं अर्ध्यातून गेली होती, तिसरं शिवून कसंबसं राखलं होतं. तो दवाखान्यातून घरी आल्यावर बापलेक त्याला बघायला गेले.

शालिग्राम ओसरीत खाटेवर बसला होता. हाताला मोठं बँडेज. शेजारी अन्नपूर्णाबाई बसल्या होत्या. मशीनमध्ये काड घालणाऱ्या बायांच्या टोळीच्या त्या म्होरक्या. अपघात झाला तेव्हा त्या मशीनपासून दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

"सोयाबीन ओलं होतं," त्या सांगू लागल्या. "मशीन चोंदलं. भाऊनं ट्रॅक्टरवरून बंद केलं, खाली उतरले. मशीनचा आवाज बसला, आमाले वाटलं थांबलं. पन ड्रम तं आत फिरूनच राह्यला होता. मोकया फिरला की त्याले आवाज कुठं राह्यते?"

"शेतवाला डोक्यावर उभा होता ना," शालिग्राम म्हणाला. "आभाळ आलं होतं. जल्दी कर, जल्दी कर. मीनं ढाकन उघडलं आन् घातला हात. माह्यीच चुकी आहे, कय्यूमभाई. कोनाले काय बोलू?"

फिजाने विचारलं, "काका, कडी उघडाले किती वेळ लागला?"

"कडीले काय वेळ लागते वं पोरी? बोट लावलं की उघडते. मस्त कडी आहे तुही."

तो हे मनापासून म्हणाला होता. फिजा खाली बघत राहिली. चहा आला तो तिने तसाच ठेवला.

परतताना ती गाडीवर बापाच्या मागे बसली होती. बराच रस्ता गेल्यावर कय्यूमभाई घरच्या बोलीत म्हणाले, "बेटा, कडी ने उंगली नहीं काटी."

"बोल्ट थे तब खोलने में टाइम लगता था, अब्बा," ती म्हणाली. "उतने में ड्रम रुक जाता था. वो टाइम मैंने निकाल दिया."



दुसऱ्या दिवशी तिने शेडमधलं एक तयार मशीन ट्रॅक्टरला जोडलं, पूर्ण वेगात चालवलं आणि बंद केलं. ढाकणाच्या फटीतून ती ड्रमकडे बघत राहिली. आवाज लगेच बसला, पण ड्रम थांबायला जवळजवळ एक मिनिट गेलं. तिने ते परत परत करून पाहिलं. प्रत्येक वेळी तिला वाटे, आता थांबला, आणि प्रत्येक वेळी तो आणखी थोडा फिरे.

आता कडी अशी हवी होती, जी लावणं सोपं राहील पण उघडायला ड्रमपेक्षा जास्त वेळ घेईल. वीज लागेल, सेन्सर लागेल असं काही शेतात टिकणार नव्हतं. धूळ, भुसा, पाणी, आणि दुरुस्तीला फक्त गावातला वेल्डर. विचार करता करता ती परत बोल्टासारख्या आट्यांवरच आली. लांब आट्यांचा एक जाड स्क्रू आणि त्याच्या टोकाला फिरवायची मूठ. पान्याची गरज नाही, हरवण्यासारखं काही नाही. पण पूर्ण बाहेर येईपर्यंत फिरवतच राहायचं. तोवर ड्रम थांबतो.

"गिऱ्हाईक गाली देगा," कय्यूमभाई म्हणाले.

"देने दो."

जानेवारीत शालिग्रामची जखम भरली. तुरीचा हंगाम तोंडावर होता, म्हणून तो बेल्ट बदलायला मशीन घेऊन आला. ट्रॅक्टरवर मागच्या फळीवर अन्नपूर्णाबाईही बसून आल्या होत्या, त्यांना अमडापुरात पाहुण्यांकडे जायचं होतं. फिजाने नवी कडी दाखवली तसा तो हसला.

"मले आता अक्कल आली, पोरी. आता हे कशाले?"

"तुमाले आली काका. उद्या मशीनवर दुसरा कोनी उभा राह्यला तं त्याले?"

"दुसऱ्याले मी हात लावू देत नाही."

अन्नपूर्णाबाई मध्येच म्हणाल्या, "लाव माय तू. याहीचं आयकू नको. ढाकनाजवळ आमी उभ्या राह्यतो, हे ट्रॅक्टरवर बसते."

शालिग्राम बाजूला सरकला. फिजाने कडी बसवली आणि मळणीच्या पहिल्या दिवशी मी शेतात येते म्हणून सांगितलं.

जानेफळच्या शिवारात तुरीच्या पेंढ्यांची मोठी सुडी रचलेली होती. बाया पेंढ्या उचलून देत होत्या, मशीन चालू होतं, दाणे पोत्यात पडत होते. दुपारपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग जाड तुराट्यांचा एक झुबका अडकला आणि मशीन घुसमटल्यासारखं आवाज करू लागलं.

शालिग्राम मशीनजवळच उभा होता, ट्रॅक्टरवर त्याने मदतीला एक पोरगा बसवला होता. त्याने ट्रॅक्टर बंद करायला पोराला हाक मारली आणि हाक मारता मारताच डाव्या हाताने मूठ फिरवायला लागला. ड्रम अजून पूर्ण जोरात होता.

"काका, चालू आहे!" फिजा ओरडली.

"मालूम आहे ना. आताच फिरवत घेतलं तं बंद होयेपर्यंत ढाकन मोकयं होते."

तो मूठ फिरवत राहिला. ट्रॅक्टर बंद झाला त्याच सुमाराला स्क्रू सुटला. फिजाने दोन्ही हातांनी ढाकण दाबून धरलं. शालिग्रामने तिच्याकडे पाहिलं आणि मग हात मागे घेतला. ड्रम थांबेपर्यंत दोघं तसेच उभे राहिले. सुडीवरच्या बाया वरून बघत होत्या.

"तुही कडी हारली म्हनायची," शालिग्राम म्हणाला.

"हाव," फिजा म्हणाली.

तिने वाद घातला नाही. शालिग्रामने जे केलं ते कोणीही केलं असतं, हे तिला तिथेच कळलं. वेळ लागतो म्हटलं की माणूस आधी सुरुवात करतो. आणखी एक गोष्ट तिने पाहिली होती. त्याने मूठ डाव्या हाताने फिरवली, कारण उजव्या हाताच्या उरलेल्या बोटांत ती मावत नव्हती. 

पुढचे काही दिवस ती शेडमध्ये मशीनभोवती फिरत होती. जेवायला बोलावलं तरी उठायची नाही. कय्यूमभाई स्टुलावर बसून बघत होते. शेवटी त्यांनीच विचारलं, "ड्रम रोकने को सबसे पहले क्या करना पडता?"

"ट्रॅक्टर बंद."

"वो ट्रॅक्टर पे हुआ. मशीन पे?"

मशीनवर एक दांडा होता. तो खाली पाडला की ड्रम फिरवणारा पट्टा सैल पडायचा आणि ड्रमचा जोर तुटायचा. बहुतेक जण तो वापरतच नसत, ट्रॅक्टरवरूनच बंद करत. फिजा उठली, तिने तो दांडा हातात धरून वर-खाली केला आणि मग ढाकणाच्या स्क्रूकडे पाहिलं. दोन्ही एकाच बाजूला होते. मध्ये जेमतेम हातभर अंतर होतं.

बापलेकीने मिळून दांडा लांबवला आणि वाकवला. मशीन चालू असताना तो आता स्क्रूच्या मुठीवर आडवा येई, त्यामुळे मूठ फिरतच नसे. दांडा पाडला, पट्टा सैल झाला, की मगच मूठ मोकळी. आणि स्क्रू पूर्ण आत गेल्याशिवाय दांडा परत वर चढत नसे, म्हणजे ढाकण उघडं ठेवून मशीन चालवायची सोयच राहिली नाही. मुठीच्या जागी फिजाने सळईचं मोठं चाक लावलं, नुसत्या तळव्याने ढकलत फिरवता येईल असं.

कय्यूमभाईंनी डोळे मिटून तळव्याने चाक फिरवून पाहिलं. "अब ठीक है," ते म्हणाले.

शालिग्रामने हरभऱ्याच्या हंगामात ही कडी वापरली. पहिले काही दिवस तो फोनवर रोज कुरकुर करत होता. चाक फिरवून हात दुखतो, शेतवाले बोलतात, बाजूचा मशीनवाला पुढे निघून जातो. फिजा ऐकून घ्यायची. मग फोन यायचे थांबले. तिला वाटलं, काढून टाकली असेल. म्हणून एक दिवस न सांगताच ती जानेफळला गेली.

कडी मशीनवर होती. चाकाला रंग उरला नव्हता, हातांनी घासून लोखंड चकाकत होतं. सकाळच्या दवाने हरभरा मऊ पडला होता, तेव्हा मशीन तिच्यासमोरच चोंदलं. शालिग्रामने दांडा पाडला आणि उजव्या तळव्याने चाक फिरवायला लागला. बाया हातातल्या पेंढ्या टाकून सुडीच्या सावलीला जाऊन बसल्या. कोणी पाण्याची बाटली उघडली, कोणी तंबाखूची डबी.

शेतवाला आला. "काय बे शालिग्राम, किती वेळ?"

"मशीनच उघडत नाही तं मी काय करू?" शालिग्राम चाक फिरवत म्हणाला. "त्याले थांबू दे, मंग ते मले उघडू देते."

शेतवाला पुटपुटत बांधावर जाऊन उभा राहिला. अन्नपूर्णाबाईंनी फिजाला जवळ बसवलं.

"आधी मशीन चोंदलं तरी आमी उभ्याच राहो," त्या म्हणाल्या. "हातात पेंढी धरून. आता सुरू होईल, मंग सुरू होईल. आता चाक फिरेपर्यंत बसता येते. पानी पेता येते. या पोरी मले म्हनतात, मावशी, ज्या मशीनले चाक नाही त्याच्यावर आपुन जायचंच नाही."

"आन् काका?"

"ते म्हनते, बायाईले बसाले कारन भेटलं. म्हनू दे."

चाक सुटलं. शालिग्रामने ढाकण उघडलं, आत पाहिलं, मग हात घालून काड ओढलं. बाया उठल्या.

त्या वर्षीपासून कय्यूमभाईंनी प्रत्येक नव्या मशीनला ती कडी लावायला सुरुवात केली, गिऱ्हाइकाला न विचारता. काहींनी कुरकुर करत का होईना, ठेवली. मे महिन्यात मेहकरकडचा एक जण मशीन न्यायला आला. तरणा होता, घाईत होता. चाक पाहून त्याने तोंड वाकडं केलं.

"हे काढून टाका. साधी कडी लावा, ती जुनी. झटकन उघडाची."

"ती आम्ही बनवत नाही आता," कय्यूमभाई म्हणाले.

"काऊन? तुमच्याच पोरीनं केली होती म्हनते ना लोक?"

"हो. तिनंच बंद केली."

तो दुसऱ्या कोणाकडे बघतो म्हणाला आणि गेला. मशीन शेडच्या दारात तसंच राहिलं. फिजा आत वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून हे ऐकत होती. कय्यूमभाई आत आले, पत्र्याच्या थप्पीतला एक पत्रा खाली ओढला आणि तिच्यापुढे टाकला.

"चल," ते म्हणाले, "अगली मशीन का ढक्कन काट."