तीन लुगड्यांचा टब

मंगल कार्यालयात लग्नाची तिथी नसली, की हमखास सेल लागतो. रिक्षा भोंगा लावून गावभर बोंबलत फिरते, "फक्त दोनच दिवस!" आणि आपण शहाणीसुरती माणसं, घरात चार बादल्या असताना पाचवी आणायला पळत सुटतो. वडूजच्या रंगुबाईचं तर विचारूच नका! सेलाचं नाव काढलं, की तिची भाकरी तव्यावर करपलीच म्हणून समजा. परत येताना दोन्ही हातांत पिशव्या आणि तोंडात एकच वाक्य, "लय स्वस्तात पडलं!"

नवरा आप्पासो गरीब स्वभावाचा. "अगं, तीन कुकर कशाला?" असं त्यानं एकदाच विचारलं. तिनं महिनाभर टोमणे मारून त्याला सळो की पळो केलं. तेव्हापासून त्यानं तोंडच उघडलं नाही, आणि मागची खोली खोक्यांनी भरत गेली. ती खोली राणीची. राणी त्यांची एकुलती एक लेक, शिराळ्याला दिलेली.

ही राणी सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिनं खोलीचं दार ढकललं, तर ते अर्ध्यातच अडलं.

"आई, मी झोपू कुठं?"

"सोप्यात झोप की तवर. आठ दिसांत रिकामी करते," रंगुबाई म्हणाली. "आन् ही खोकी तुझ्याच बाळासाठी हायती! पाळणा, वॉकर, मच्छरदाण्या. सगळं निम्म्या किमतीत!"

आठ दिवसांचे पंधरा झाले. खोली रिकामी होणं लांबच, उलट "एकावर एक फुकट" म्हणून आणखी दोन वॉकर आले. राणी बिचारी बाहेरच्या सोप्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर, अवघडून पडून राहायची.

अशात आप्पासोची थोरली बहीण बयाबाई जुन्या लुगड्यांची बाळुती फाडायला आली. उभा जन्म मेंढरांमागं हिंडलेली बाई, बोलायला फाटक्या तोंडाची. नणंद-भावजयीचं सख्य म्हणाल तर विळ्या-भोपळ्याचं.

"रंगे, दुकान काढलंस व्हय गं?"

"आल्या आल्या सुरू झालासा, वन्सं?"

"ऱ्हाऊ दे. आईची लुगडी काढ."

रंगुबाईचा चेहरा उतरला. तान्ह्या बाळाच्या अंगाला नवं कापड सोसत नाही. वर्षानुवर्षं धुऊन मऊसूत झालेलं सुती लुगडंच लागतं. सासूनं आपली तीन लुगडी "राणीच्या बाळाला" म्हणून जपून ठेवली होती, आणि जाताना तसं सांगूनही गेली होती.

"ती... बोहारणीला दिली."

"काय?"

"जुनी तर व्हती! तीन लुगड्यांवर हा एवढा टब दिला तिनं. वर गाळणी फुकट!"

बयाबाई अशी कडाडली, की शेजारीपाजारी दारात आले. "माझ्या आईच्या अंगावरचं दिलंस आन् गाळणी आणलीस? लाज कशी वाटली न्हाई तुला!"

"मग काय पुजत बसायची व्हती? डझनभर नवी दुपटी आणलीत मी!" रंगुबाईनं तावातावानं पाकीट फोडलं. बयाबाईनं त्यातलं एक ओढून घेतलं आणि त्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी घरंगळून जमिनीवर गेलं.

"बघ! टिपूसबी पीत न्हाई. ह्यात गुंडाळायचं लेकराला? तुझं दे एखादं जुनं."

रंगुबाईनं कपाट उपसलं. नव्या साड्यांचा ढीग पडला, कितीकांना दुकानाच्या चिठ्ठ्या तशाच. मऊ होईपर्यंत नेसलेली एकही साडी त्यात नव्हती.

"आमी मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो," बयाबाई म्हणाली, "तवा सगळा संसार एका घोड्यावर. बाजारात कायबी आवडलं, तर आई इचारायची, ह्ये चढवायचं तर खाली काय उतरवायचं? तू कवा इचारलंस गं? एवढं सगळं घरात चढवलंस, उतरवलंस कुणाला? पोटच्या लेकीला!"

"लय बोललासा! माझ्या घरात मला शिकवू नका!"

"आई, गप बस," राणी म्हणाली. "मी ह्यांना फोन केलाय. उद्या गाडी घेऊन येत्यात. मी शिराळ्याला जाते."

"अगं, पहिलं बाळंतपण! लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

"तुला अजून लोकांचंच पडलंय! सासूबाईंनी खोली झाडून ठेवलीया माझ्यासाठी. तिथं मला जागा हाय. हितं न्हाई."

ज्या लेकीसाठी म्हणून रंगुबाईनं हे सगळं जमवलं, तीच उठून चालली होती. अरे देवा, कुणासाठी जमवलं मी हे? खरंच लेकीसाठी, की स्वस्तात पडलं म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई रविराज जीप घेऊन आला, तर अंगणभर खोकी. रंगुबाई पदर खोचून उभी होती.

"पावनं, गाडी मोकळी नेऊ नका. पर राणीला न्हाई, ही खोकी न्या. तुमच्या वाटेवर ते मुलींचं वसतिगृह हाय न्हवं? कुकर, मच्छरदाण्या, त्यांना लागतील ती द्या." मग ती लेकीकडं वळली आणि तिला रडूच कोसळलं. "चुकलं माझं, राणे. खोली बघ आदी. मग जायाचं तर जा."

राणीनं दार ढकललं. ते सताड उघडलं. खिडकीखाली खाट, बाकी सगळी मोकळी जमीन. मग ती सोप्यातली आपली पिशवी उचलून आत घेऊन गेली.

बयाबाईचा राग मात्र गेला नव्हता. "माझी दोन जुनी लुगडी हायती. पोरीसाठी देते. तुला माफ केलं न्हाई."

"नका करू, वन्सं," रंगुबाई म्हणाली. "म्याबी सोताला न्हाई केलं."

वाचकहो, काटकसर जरूर करा, भाव करून घ्या, त्यात कमीपणा नाही. पण नको असलेली वस्तू निम्म्या किमतीत घेतली म्हणून पैसे वाचत नाहीत. आणि घरात माणसांना जागा उरत नसेल, तर तसली स्वस्ताई चुलीत घाला! राणीची मुलगी आत्याआजीच्या लुगड्यात वाढली. पणजीची लुगडी मात्र गेली ती गेलीच.