नाक लावाल तर खबरदार!

मी नकटा बोलतोय. हसा, आधी पोटभर हसून घ्या. मी प्लास्टरचं एक डोकं आहे. कुरळे केस, रुंद कपाळ, आणि तुम्हा सगळ्यांना जिथे नाक आहे तिथे नुसता खरबरीत खड्डा. मी कुणाचा पुतळा, ते विचारू नका. साच्यात ओतलं, वाळवलं, बाहेर काढलं, एवढंच मला ठाऊक. थोरामोठ्याचा चेहरा असल्याचा तोरा मला कधी मिळाला नाही, आणि मला तो नकोही होता.

संग्रहालयात आलो तेव्हा मला नाक होतं. दारातच माझी जागा होती. एकदा रंगाऱ्याची शिडी कलली आणि माझ्या नाकाचा फरशीवर चुरा झाला. झाडूवालीने तो सुपलीत भरून नेला. "हे ध्यान आता दारात नको," म्हणत मला मागच्या खोलीत बेसिनशेजारी टाकलं. लोक माझ्या डोक्यावर ओली फडकी वाळत घालायचे. घाला म्हटलं, मला कुठे सर्दी होणार आहे!

त्या खोलीत रविवारी चित्रकलेचा वर्ग भरतो. वर्ग घेणाऱ्या बाईंनी एकदा माझ्यावरचं फडकं उचललं, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अरे, तू तर भलताच कामाचा निघालास!" तेव्हापासून नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला माझ्यासमोर बसवतात. "दिसतं तसं काढा," एवढंच सांगतात. आणि गंमत म्हणजे, जो तो मला नाक काढतो! बँकेतल्या एका काकांनी मला स्वतःचंच भलंमोठं नाक बहाल केलं. एका मुलीने चक्क पोपटाची चोच लावली. बाई मागे येऊन विचारतात, "हे कुठे दिसलं तुम्हाला?" मग माणूस माझ्याकडे बघतो, कागदाकडे बघतो आणि जीभ चावतो.

पहिल्याच दिवशी मला बिननाकाचा काढला तो एकीनेच. ती बसमध्ये कंडक्टर होती. एका दुखण्यात तिच्या तोंडाची डावी बाजू लुळी पडली, ओठ खाली ओघळला. तिने नोकरी सोडली, लग्नकार्यांना जाणं सोडलं, तोंडावर कायमचा स्कार्फ आला. बहिणीने ढकलून वर्गाला धाडलं होतं. ती सगळ्यांकडे पाठ करून माझ्यासमोर बसायची, आणि मगच स्कार्फ गळ्यात घ्यायची. आम्ही दोघं तास तास एकमेकांकडे बघत असू. खरं सांगू? मला ती फार आवडायची.

मग एका रविवारी बाईंनी समोरासमोर बसून एकमेकांचे चेहरे काढायला सांगितले. माझ्या कंडक्टरबाईने मन घट्ट केलं आणि सगळ्यांदेखत स्कार्फ काढला. तिच्यासमोर बँकेतले काका. काकांनी चित्र काढलं, अगदी मन लावून. सगळे गोळा झाले, "वा! किती गोड आलंय!" तिने बघितलं. ओठ सरळ आणि वर नाजूक हसू.

"हे कुणाचं तोंड?" ती म्हणाली.

"अहो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

"म्हणजे आहे ते वाईटच, असंच ना?"

स्कार्फ परत वर गेला आणि ती निघून गेली. पुढच्या रविवारी तिची खुर्ची रिकामी होती. त्याच्या पुढच्याही. माझा नुसता संताप झाला. माणसं दयेनेसुद्धा कसं मारतात बघा!

त्यातच नव्या संचालकांना माझा पुळका आला. संग्रहालयात कारागिरांची व्याख्यानं होतात. कुणी टोपल्या विणून दाखवतं, कुणी पुस्तकं बांधून. या वेळी प्लास्टरचं काम करणारे मिस्त्री सगळ्यांसमोर मला नवं नाक बसवणार होते. बाई म्हणाल्या, "साहेब, माझा अर्धा वर्ग त्या खड्ड्यावर चालतो." साहेब म्हणाले, "बाई, पाहुणे आपल्याला नावं ठेवतात." मला विचारायचं कुणी नाव काढेल तर शपथ! अहो, चेहरा माझा, आणि काळजी पाहुण्यांची!

कार्यक्रमाला खोली गच्च भरली. मागे दाराशी मला तो स्कार्फ दिसला. बहिणीने हट्टाने आणलं असावं. मिस्त्रींनी ओलं प्लास्टर माखून नाक माझ्यावर टेकवलं. सुबक होतं, खोटं कशाला बोलू? लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मनात आलं, संपलं आता. आता हिच्यासमोर मी कुठल्या तोंडाने उभा राहू?

"काढा ते!"

अख्खी बस थांबेल असा आवाज होता. ती वाट काढत पुढे आली.

साहेब म्हणाले, "बाई, तुटलेलं आहे ते, आम्ही दुरुस्त करतोय."

"मग थोडं प्लास्टर मलाही लावा!" तिने स्कार्फ ओढून काढला. "लावा ना! इथे हा एकच होता, ज्याच्यासमोर मी तोंड उघडं टाकून बसत होते. त्यालाही गोड करताय?"

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ओलं आहे अजून," ते म्हणाले आणि नाक अलगद उचलून घेतलं.

साहेब गडबडले, "अहो, पण लोक आलेत, आता दाखवायचं काय?"

"मी आहे की," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसली. "ज्यांना येतं त्यांनी मला काढा. आणि काका, खबरदार, माझा ओठ सरळ केलात तर!"

काकांनी चार वेळा खोडलं. पण शेवटी ओठ कागदावर उतरला, जसा आहे तसा, ओघळलेला. तिने ते चित्र हातात धरलं आणि पहिल्यांदाच सगळ्यांदेखत खदखदून हसली. हसताना तोंड आणखी वाकडं झालं. झालं तर झालं! ते चित्र आता तिच्या घरी बाहेरच्या खोलीत लागलंय, येणाऱ्याजाणाऱ्याच्या अगदी समोर.

मी अजून बेसिनशेजारीच आहे, आणि रविवारी तीही पुन्हा वर्गाला येते. ते नाक साहेबांनी कपाटात जपून ठेवलंय, पुन्हा कधी संधी मिळते याची वाट बघत. बघू देत. तुम्हीही या एखाद्या रविवारी. कीव करायची असेल तर घरीच बसा. पण बघायचं असेल तर समोरच्या खुर्चीवर बसा आणि डोळे उघडे ठेवून बघा. आम्ही दोघंही तोंड झाकणार नाही.